एम.एस्सी. करता करता जेनेटिक काउन्सेलिंग असिस्टंटचं काम करावं का? की ते नुसतं कारकुनी काम असतं?

करा. खरं तर प्रश्नातला 'कारकुनी' हा शब्द वाचूनच लिहायला बसले. माझ्या गाइडनी भर सेमिनारमध्ये मला विचारलं होतं, "फॉर्म भरायला एम.एस्सी. कशाला लागतं?" ते अजून डोक्यात आहे.

पुण्यात ह्यूमन जेनेटिक्सला असताना मी आनुवंशिक आजारांबद्दल तपासणी आणि सल्ला देणाऱ्या एका क्लिनिकमध्ये अर्धवेळ असिस्टंट होते. संमतीपत्रं, टीआरएफ (लॅबला द्यायचा तपासणीचा फॉर्म), रक्ताच्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबवर लेबलं, रिपोर्टसाठी लॅबच्या मागे लागणं, हे असायचंच. पण पेशंट डॉक्टर मॅडमकडे जाण्याआधी त्याची वंशावळ काढणं, म्हणजे घरातल्या पिढ्यांचा आणि आजारांचा तक्ता करणं, माझ्याकडे होतं.

एकदा सोलापूरकडचं एक जोडपं आलं (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मांडीवर सव्वा वर्षाचं बाळ; बसायला लागलेलं, ते आता मानही धरत नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलेलं: नात्यात लग्न नाही, पहिलं मूल तापाने दगावलं. मीही विचारलं, नात्यातलं लग्न आहे का? दोघंही ठामपणे नाही म्हणाले. पुरुषांचे चौकोन, बायकांची वर्तुळं काढत मी तिच्या माहेरापर्यंत पोचले. वडिलांना बहिणी किती?

"एकच. ह्यांची आई."

म्हणजे आत्याच्या घरात दिलेली. "आमच्याकडं असंच देतात," नवरा म्हणाला. मी दोघांमधल्या एका रेघेच्या दोन रेघा केल्या; वंशावळीत नात्यातलं लग्न असं दाखवतात. मग पहिल्या मुलाकडे वळले. ताप येण्याआधी ते बसायचं का?

"बसायचं की. मग बसंनाच झालं. आवाज झाला की दचकायचं."

मांडीवरचं बाळही, माझं पेन टेबलावर पडलं तेव्हा, अंगभर दचकलं होतं.

तो कागद आत गेला, मॅडमनी बाळाचे डोळे तपासून घेतले, एन्झाइमची तपासणी लिहिली. टे-सॅक्स निघाला, मेंदू-मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार. हेक्स-ए जनुकाची बिघडलेली प्रत आईबापांत दोघांकडेही. या आजाराला बरं करणारं औषध नाही, तेव्हाही नव्हतं. पण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका आहे आणि ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तो तपासता येतो, हे त्या दोघांना कळलं. त्याआधी त्यांच्या घरात एक मूल 'तापाने' गेलं होतं आणि दुसरंही तसंच गेलं असतं.

याला कारकुनी म्हणणाऱ्यांनी आयुष्यात एकही वंशावळ पेशंटसमोर बसून काढलेली नसते. तीन पिढ्या नीट विचारायला बाईला बोलतं करावं लागतं, सासू शेजारी बसलेली असताना. आणि फॉर्मचं म्हणाल, तर गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखाली गर्भजल तपासणीसाठी भरायच्या एफ फॉर्ममधली चूकसुद्धा डॉक्टरच्या अंगाशी येते. फॉर्म भरणं हलकं काम नाहीच.

अभ्यासावर परिणाम होतो का? होतो. डेझर्टेशनच्या सेमिस्टरला मी तास कमी करून घेतले, तुम्हीही घ्या. पैसे फारसे मिळत नाहीत. पण रिसेसिव्ह वारसा (दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो तो) पुन्हा पाठ करावा लागला नाही.

आणखी तीन गोष्टी राहिल्या. काउन्सेलिंगच्या नावाखाली महिन्याला अमुक सॅम्पल आणा असं टार्गेट देणारी जागा असेल तर ती विक्रीची नोकरी आहे, घेऊ नका. गर्भाच्या तपासण्या होत असतील तर १९९४ च्या पीसीपीएनडीटी (त्याच गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्याखालची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे ना, ते पहिल्याच दिवशी बघा. आणि रिपोर्टचा अर्थ पेशंटला तुम्ही सांगायचा नाही, तो निगेटिव्ह असला आणि त्यांनी कितीही गळ घातली तरी; मॅडम किंवा सर सांगतील.

तुमचे गाइड तरीही नाक मुरडत असतील तर त्यांना एक दिवस ओपीडीत घेऊन जा आणि 'नात्यातलं नाही' असं उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या. माझ्या गाइडना मी बोलावलं होतं, ते आले नाहीत.