जुन्या हायवेच्या पुलाचे खांब ठेवून त्यावर पादचारी पूल करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की गावाला बायपास झाला, जुन्या पुलाचा स्लॅब उतरवणार आहेत, मग नदीतले खांब तरी वाया का घालवायचे. प्रश्न रास्त आहे. असं झालेलं आहे, आणि त्या पुलावरून मी कैक वेळा चाललोय.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्स. तिथे इंटरस्टेट १९५ हा महामार्ग भर शहरातून जायचा. तो दक्षिणेला सरकवला, जुना रस्ता काढून टाकला, पण नदीतले काही खांब ठेवले. त्यांवर काय करता येईल यासाठी स्पर्धा घेतली. २०१० मध्ये डेट्रॉइटच्या इन्फॉर्म स्टुडिओचं डिझाइन निवडलं गेलं. पूल खुला व्हायला मात्र ऑगस्ट २०१९ उजाडला, आणि खर्च आला सुमारे २.२ कोटी डॉलर. त्यामुळे 'खांब आयतेच आहेत, स्वस्तात होईल' असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका.

खरी बचत पाण्याखाली होते. नदीत नवा पाया घालायचा म्हणजे पाणी अडवा, उपसा, गाळ ढवळा, परवानग्यांमागे धावा. ते टळतं. पण खांब कुठे आहेत हे कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी ट्रकांच्या हिशेबाने ठरवलेलं असतं, आणि नव्या पुलाला ते निमूट मान्य करावं लागतं. शिवाय माणसं हलकी असतात हा गैरसमज. खच्चून गर्दी झाली तर दर चौरस मीटरला चारशे किलोच्या वर भार धरावा लागतो.

तिथे त्यांनी एक शहाणपणा केला. पूल नुसता ओलांडायला ठेवला नाही. सुमारे साडेचारशे फूट लांबी, लाकडी फळ्या, मध्येच खाली पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. संध्याकाळी लोक तिथे डबा उघडून बसतात. मला तर आपल्या घाटाची आठवण येते. (हिवाळ्यात बसाल तर गारठाल.)

पुलाला नाव दिलंय मायकल व्हॅन लीस्टन यांचं. नागरी हक्कांसाठी आयुष्यभर झटलेले तिथलेच कृष्णवर्णीय कार्यकर्ते. जो महामार्ग बांधताना पूर्वेकडच्या फॉक्स पॉइंट भागातून केप व्हर्डहून (आफ्रिकेजवळची बेटं) आलेली कितीतरी कुटुंबं उठवली गेली, त्याच्याच खांबांवर हे नाव. मला ते आवडलं.

आता तुमच्या पुलाचं. आपल्या नद्यांना पूर येतात, खांबाच्या बुडाशी वाळू खरवडली जाते. वरून धडधाकट दिसणारा खांब खाली उघडा पडलेला असू शकतो. स्लॅब उतरवण्याआधी बांधकाम खात्याकडून जुने नकाशे मिळवा, पाया किती खोल गेलाय ते बघा, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पाणबुड्याकडून बूड तपासून घ्या. डिझाइनच्या गप्पा त्यानंतर.