हरलेल्याच्या बाकावरून

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तू भंवरकुआच्या क्लासमधली लोकसेवा आयोगाची सराव मुलाखत देऊन थेट आमच्याकडे आलीस, ओट्यावर बसलीस आणि पाणीसुद्धा न घेता म्हणालीस, "काका, माझं उत्तर चुकलं की त्या साहेबांचं हसणं चुकलं, एवढंच सांगा." मी काहीतरी तिरसट बोललो. काकूने आतून डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. रात्री झोप लागेना, तेव्हा लिहायला बसलोय. बोलताना माझा आवाज चढतो, कागदावर तेवढा चढत नाही.

प्रश्न असा होता ना, की मंत्र्यावर पक्षपाताचा आरोप झाला तर त्याने राजीनामा द्यावा का? तू म्हणालीस, सिद्ध होण्याआधी का द्यावा, अशाने रोज एक मंत्री घरी बसेल. त्यावर पॅनेलवरचे निवृत्त साहेब हसले आणि म्हणाले, "और शास्त्रीजी?" तिथे तुझी बोलती बंद झाली.

अगं, शास्त्रीजींचं उदाहरण इथे लागूच पडत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला आणि रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी पद सोडलं. कोणाची बाजू घेतल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. खात्यात घडलेल्याची नैतिक जबाबदारी घेणं वेगळं आणि तराजू धरताना अंगठा कुठे होता याचा जाब देणं वेगळं. हे तू साहेबांना तोंडावर सांगायला हवं होतंस. मला राग आला तो याचाच. थोर माणसाचं नाव निघालं की आपल्याकडे वाद संपतो. न्यायासाठी पोटच्या मुलालाही शिक्षा द्यायला निघालेल्या अहिल्याबाईंची आडा बाजारातली गोष्ट निघाली की इंदूरचा माणूस जसा हात जोडून मोकळा होतो, तसं. पुढचा विचार कोणी करायचा?

आता तुझ्या त्या 'सिद्ध' शब्दाकडे येतो. चोरी सिद्ध करता येते, लाच सिद्ध करता येते. मन कसं सिद्ध करणार? आपल्याकडे मंत्री शपथ घेताना म्हणतात, "भय या पक्षपात, अनुराग या द्वेष के बिना". मराठीतल्या शपथेत 'ममत्वभाव किंवा आकस न बाळगता' असे शब्द आहेत. ममत्वभाव! किती घरगुती शब्द आहे बघ. तो ज्याच्या मनात असतो त्याला स्वतःलाही दिसत नाही. म्हणून कायदा मनात डोकावत नाही. समोर बसलेल्या शहाण्या माणसाला शंका यायला वाजवी जागा होती का, एवढंच विचारतो. आणि तो समोरचा माणूस म्हणजे कोण? जिंकलेला नव्हे. जिंकलेल्याला सगळे निकाल न्याय्यच वाटतात. हरलेल्याच्या बाकावर बसून बघ. पक्षपाताचा प्रश्न कुठेही आला, परीक्षेत, ऑफिसात, घरच्या वाटणीत, आधी जाऊन त्या बाकावर बस.

तुमच्या क्लासच्या नोट्समध्ये ब्रिटनचं प्रकरण आहे म्हणालीस, पण ते तुम्हाला अर्धंच शिकवलंय. वर्तमानपत्रांचे बडे मालक मर्डोक यांच्या कंपनीला बीस्कायबी ही टीव्ही कंपनी पूर्ण ताब्यात हवी होती. परवानगीचा निर्णय विन्स केबल या मंत्र्यांकडे होता. डिसेंबर २०१० मध्ये ओळख लपवून आलेल्या पत्रकारांपुढे ते बोलून गेले की मी मर्डोकविरुद्ध युद्ध पुकारलंय. झालं, ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मंत्रिपद राहिलं, तेवढा निर्णय गेला. तो गेला जेरेमी हंट या दुसऱ्या मंत्र्यांकडे, आणि हंट यांनी त्याआधीच पंतप्रधानांना या व्यवहाराच्या बाजूने लिहिलेलं होतं. म्हणजे आकस असलेल्याकडून तराजू काढला आणि ममत्व असलेल्याच्या हातात दिला. पुढे मर्डोक यांच्या वर्तमानपत्राने लोकांचे फोन हॅक केल्याचं प्रकरण पेटलं आणि जुलै २०११ मध्ये कंपनीनेच प्रस्ताव मागे घेतला. एप्रिल २०१२ मध्ये, त्या प्रकरणानंतर वर्तमानपत्रांच्या वागणुकीवर नेमलेल्या लेव्हसन चौकशीत ई-मेल बाहेर आले. हंट यांचा सल्लागार कंपनीच्या माणसाशी किती सलगीने बोलत होता ते सगळ्यांनी वाचलं. राजीनामा कोणी दिला? सल्लागाराने. हंट म्हणाले, मी काटेकोरपणे निष्पक्ष वागलो. ते राहिले, सप्टेंबरमध्ये आरोग्यमंत्री झाले, दहा वर्षांनी अर्थमंत्रीही झाले. चौकशीच्या अहवालाने काय म्हटलं? प्रत्यक्ष पक्षपाताचा विश्वासार्ह पुरावा नाही, पण पक्षपात झाला असं वाटायला जागा झाली.

तुझ्या हिशेबाने हंट सुटले, सिद्ध झालं नाही ना! आता त्या व्यवहाराला विरोध करणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बस आणि ते ई-मेल पुन्हा वाच. समज, प्रस्ताव मागे घेतला गेला नसता आणि परवानगी मिळाली असती, तर तो निर्णय तुला पटला असता का? खरं सांग.

एक फरक मात्र लक्षात ठेव, नाहीतर दुसऱ्या टोकाला जाशील. मंत्री हा राजकारणी आहे, त्याला मतं असणारच. आंध्रात खाजगी बसमार्ग सरकारने घेतले तेव्हा गुल्लपल्ली नागेश्वर राव प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेलं. पहिल्या वेळी खात्याच्या सचिवानेच हरकती ऐकल्या होत्या, म्हणून सुनावणी रद्द झाली. मग मुख्यमंत्र्यांनी स्वतः ऐकल्या, त्यालाही आव्हान दिलं गेलं. १९५९ मध्ये न्यायालय म्हणालं, मंत्री सचिवासारखा खात्याचा भाग नसतो, त्याने ऐकलेलं चालेल. माझ्या भाषेत सांगायचं तर बस सरकारी असावी हे मत असणं हा गुन्हा नाही. बस अमक्याचीच असावी, हा आहे. धोरणाचा कल लोक मतपेटीत तपासतात. माणसाकडे कल असेल तर त्या फाइलवरून हात काढायचा. त्याच वेळी. हातात घेऊन, सही करून, मग 'माझं मन स्वच्छ होतं' म्हणायचं असेल, तर खुर्चीवरूनच उठायचं.

आता माझं ऐक. हे मी काकूशिवाय कोणाला धड सांगितलेलं नाही.

१९८७ सालची गोष्ट. माळव्यातल्या एका जिल्ह्यात, एका सरकारी खात्यात, चार लिपिकांच्या जागा होत्या. निवड समितीत आम्ही तिघे. उमेदवारांत काकूच्या बहिणीचा मुलगा. मी लपवलं नाही, हे आधी ध्यानात घे. अध्यक्षांना चहाच्या वेळी सांगितलं. ते म्हणाले, "अरे बैठो भिया, कौन पूछता है." मी बसलो. भाच्याचं नाव पुकारलं तेव्हा उठून व्हरांड्यात गेलो, त्याला एकही गुण दिला नाही. तो बाहेर पडल्यावर आत आलो आणि बाकीच्यांना गुण दिले. माझ्या मते मी फार स्वच्छ वागलो होतो. इतका, की घरी येऊन काकूला अभिमानाने सांगितलं. भाचा चौथा आला. पाचव्याने तक्रार केली.

त्याची तक्रार साधी होती. साहेब भाच्याच्या वेळी बाहेर गेले, पण माझ्या वेळी आत होते. मला कमी गुण देणं म्हणजे भाच्याला जास्त देणंच नव्हे का?

मी भडकलो. दोन वर्षं भडकलेलाच होतो. मग एका वकील मित्राने क्राइपाक प्रकरण समोर ठेवलं. भारतीय वनसेवेची निवड, जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळात, आणि स्वतः उमेदवारही. स्वतःचं नाव आलं तेव्हा ते चर्चेत नव्हते, पण प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अख्खी निवड रद्द केली. ते खरोखर पक्षपाती वागले का, हे शोधत बसलं नाही. माणसाचा स्वभाव बघून शंकेला वाजवी जागा आहे, एवढं पुरलं. बेटा, माझ्या व्हरांड्याच्या अठरा वर्षं आधी माझ्या व्हरांड्याचा निकाल लागलेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

निवड रद्द झाली. मला परिनिंदा, म्हणजे लेखी ठपका मिळाला, एक वेतनवाढ रोखली. मी राजीनामा दिला का? नाही. घर भाड्याचं होतं, दोन पोरं शाळेत होती, आणि खरं म्हणजे माझं मन स्वच्छ होतं. बघ, पुन्हा तेच वाक्य लिहिलं. खोडत नाही, राहू दे. हंटसाहेबांना बोलतोय ते कोणत्या तोंडाने, असं तू विचारशील. याच तोंडाने. ज्याने खुर्ची सोडली नाही त्यालाच कळतं, ती धरून ठेवताना माणूस स्वतःला काय काय सांगतो. आणि मी चौदा-पंधराशे पगारावरचा माणूस होतो. मंत्र्याला घरभाड्याची चिंता नसते. त्याने मंत्रिपद सोडलं तरी आमदारकी राहते. त्याला सवलत द्यायचं मला कारण दिसत नाही.

पण राजीनामा म्हणजे गंगास्नान, असंही समजू नकोस. आपल्याच गावचं बघ. १९२५ च्या जानेवारीत मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, धागे इंदूर दरबारापर्यंत आले. इंग्रजांनी तुकोजीराव होळकरांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोग किंवा गादी सोडणं. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. त्यांची चौकशी झालीच नाही. खरं काय ते शंभर वर्षांनीही गप्पांतच राहिलं. मेलेल्या बावलाच्या बाकावरून तो गादीत्याग कसा दिसत असेल? म्हणून मंत्री पायउतार झाला की तुझा पुढचा प्रश्न, चौकशी कधी आणि फाइल कोणाकडे. खुर्ची सोडायची ती चौकशीवर सावली पडू नये म्हणून, चौकशी टळावी म्हणून नव्हे. महाराष्ट्रात १९८६ मध्ये मुलीच्या एम.डी.च्या गुणांच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मुख्यमंत्री निलंगेकरांनी पद सोडलं. ते न्यायालय बोलल्यावर. मला हवाय तो त्याच्या आधीचा क्षण, जेव्हा फक्त तुलाच माहीत असतं की समोरचा कोणाचा कोण आहे.

खोटे आरोप होतील म्हणालीस, ते मान्य. रोज होतील. म्हणून केवळ आरोपावर जा असं मी म्हणत नाही. नातं, पत्र, पैसा, सलगी, असं काही बोट ठेवण्याजोगं निघालं का ते बघ. निघालं तर 'सिद्ध करा' म्हणत बसू नकोस.

आणि कृपा करून मुलाखतीत 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' करू नकोस. तुमचा क्लास ते शिकवतो, फी घेऊन. रेसिडेन्सीच्या त्या आयोगाच्या इमारतीत समोर बसलेल्यांनी हजार वेळा ऐकलंय ते. तुझं मत चुकीचं असलं तरी तुझं असू दे. काल उत्तर अर्धं होतं, पण तुझं होतं. मग शास्त्रीजी आले आणि तू ते टाकून दिलंस. ते मला सहन झालं नाही.

रविवारी सकाळी ये. क्राइपाकचा निकाल छापून आण, माझ्याकडचा फोटोस्टॅट उडालाय. परिच्छेद मी तुझ्याकडून वाचून घेईन, तू नुसती मान हलवायची नाही.

तुझा,
काका

ता. क. ती १९८७ ची गुणपत्रिका, कार्बन कॉपी, अजून माझ्या कपाटात आहे. त्या पाचव्या मुलाला बाकी दोघांनी २५ पैकी १२ आणि १३ दिले होते. मी १७ दिले होते. रविवारी दाखवतो तुला. काकूला सांगू नकोस, ती म्हणते जाळून टाका.