लिस्बनला तीन दिवस, सोबत सत्तरीचे आई-बाबा. कसं आखावं?

तीन दिवस पुरतात, पण आई-बाबांचे गुडघे सांभाळून आखा. लिस्बन म्हणजे नुसते चढ-उतार, आणि फुटपाथच्या गुळगुळीत पांढऱ्या दगडांवरून पावसात हमखास पाय घसरतो. चपला नकोत, पकड असलेले बूटच न्या.

पहिला दिवस बेलें या नदीकाठच्या भागाला द्या. मध्यवस्तीतून १५ नंबरची ट्राम थेट जाते. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी जेरोनिमुश मठ बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर दिसते. दगडात कोरलेला तो उताणा पहुडलाय, छातीवर हात जोडून. १५२४ मध्ये कोचीला वारलेला हा माणूस. गोव्या-कोकणचा इतिहास मनात असेल तर तिथून पाय लवकर निघत नाही, म्हणून घाई करू नका. मग जवळच १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात गरमागरम पास्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी पेस्ट्री खा, वरून दालचिनी भुरभुरून.

दुसऱ्या दिवशी अल्फामा, म्हणजे शहराची जुनी वस्ती. १७५५ च्या भूकंपात बरंच शहर कोसळलं, या गल्ल्या बऱ्यापैकी वाचल्या. २८ नंबरची ट्राम सकाळी लवकर पकडा, नंतर उभं राहायलाही जागा नसते, आणि गर्दीत पाकीट जपा. पोर्ताश दू सोल या उंचावरच्या चौकात उतरलात की कठड्यावरून लाल कौलं आणि पलीकडे तेजू नदी! बाबांना तिथेच निवांत बसू द्या.

तिसरा दिवस सिंत्राला, डोंगरातल्या राजवाड्यांच्या गावाला. रोसियू स्टेशनवरून लोकल मिळते, पाऊण तासाच्या आत पोचता.