माणसं जास्त झाली म्हणूनच मराठवाड्यात पाणी पुरत नाही का?

मुख्य कारण ते नाही. हिशोब बघा. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी 80 लाख लिटर. माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 20 हजार. एका एकराच्या पाण्यात 400 माणसांचं वर्ष निघतं! आपल्याकडे पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास. बाकीचं धरणातून नाहीतर बोअरमधून. खाली काळा कातळ, पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं, त्यामुळे बोअर कितीही खोल नेलं तरी भरवसा नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते काही लोकसंख्या अचानक वाढली म्हणून नव्हे.

जगातही उपसलेल्या गोड्या पाण्यातलं सुमारे 70 टक्के शेतीला जातं. 800 कोटी माणसांचा भार आहेच, पण महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) 2019-21 च्या पाहणीतच 1.7 वर आला होता आणि टंचाई तशीच आहे.

ठिबक जरूर करा, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर बचत तिथंच संपते. आधी उसाचं क्षेत्र कमी करा, तिथं तूर, हरभरा, ज्वारी घ्या. अर्थात हमीभावाने खरेदी झाली तरच शेतकऱ्याला ते परवडेल.