२०१४ ची बिटकॉइन वॉलेट फाइल ‘करप्ट’ दाखवते. पासफ्रेज (वॉलेटचा पासवर्ड) आठवते, सीड शब्द (वॉलेट परत मिळवायची शब्दांची यादी) नाहीत. कॉइन निघतील का?

सीड शब्द नाहीत याची काळजी सोडा. बिटकॉइन कोअरने (बिटकॉइनचा मूळ वॉलेट प्रोग्राम) ते कधी दिलेच नव्हते. त्या काळच्या वॉलेटमध्ये प्रत्येक पत्त्याची स्वतंत्र की (त्यावरचे कॉइन खर्च करायची गुप्त किल्ली) असायची. त्यामुळे अख्खी फाइल दुरुस्त व्हायची गरज नाही, आतल्या नोंदी शाबूत सापडल्या तरी पुरे.

आधी ती फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघणं बंद करा. उघडतानाही प्रोग्राम तिच्यात लिहू शकतो. हार्ड डिस्क अडखळत असेल तर डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून डेटा वाचवणारं साधन) पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या: पहिल्या फेरीत खराब सेक्टर सोडून द्यायचे, मग फक्त त्यांच्यावर तीन वेळा प्रयत्न, आणि मॅप फाइल (काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद) जपून ठेवायची. डिस्क धड असेल तर वॉलेटचा पूर्ण फोल्डर उचला. बरेच जण नुसती वॉलेट फाइल घेतात आणि शेजारचा ‘डेटाबेस’ फोल्डर मागे ठेवतात. शेवटचे बदल कधीकधी त्यातल्या लॉग फाइलमध्येच अडकलेले असतात. पुढचं सगळं काम कॉपीवर, इंटरनेट काढून.

आता कॉपी हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) उघडा. शून्यापासून मोजत १२ व्या बाइटपासून ६२ ३१ ०५ ०० दिसलं तर बर्कली डीबीचं (वॉलेट ज्यात साठवलं जायचं तो डेटाबेस) डोकं जागेवर आहे. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं असतील तर त्या फाइलशी झटापट करू नका, डिस्कच्या इमेजमध्ये शोधा. एसएसडी असेल आणि ट्रिम (खोडलेल्या जागा एसएसडीवर आपोआप पुसणारी सोय) चालू असेल, तर मात्र तिथेही फारसं काही उरत नाही.

मग उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात ‘एमकी’ शोधा (अर्थात इंग्रजी अक्षरांत: mkey). सगळा खेळ या एका नोंदीवर आहे. तिच्यात ४८ बाइटची एन्क्रिप्ट केलेली मास्टर की (बाकी सगळ्या की उघडणारी), ८ बाइटचा सॉल्ट (पासफ्रेजमध्ये मिसळायचे यादृच्छिक बाइट) आणि पासफ्रेज किती वेळा घुसळायची त्या फेऱ्यांचा आकडा असतो, सहसा २५,००० किंवा जास्त. सॉल्टमधला एक बाइट बिघडला तरी बरोबर पासफ्रेजही चुकीची ठरते. ‘सीकी’ (ckey) नोंदी म्हणजे एकेका पत्त्याच्या एन्क्रिप्टेड की. त्या सोडवायला सोबतची पब्लिक कीही लागते, कारण आयव्ही (एन्क्रिप्शन सोडवायला लागणारं सुरुवातीचं मूल्य) तिच्यातूनच काढतात.

एमकी गेली असेल तर जुना बॅकअप शोधा. पासफ्रेज बदलली तरी आतली मास्टर की तीच राहते, फक्त तिच्यावरचं कुलूप बदलतं. म्हणजे एन्क्रिप्शननंतरच्या कुठल्याही बॅकअपमधली एमकी आजच्या सीकी उघडते. पासफ्रेज मात्र त्या बॅकअपच्या वेळची हवी. एन्क्रिप्शनच्या आधीचा बॅकअप मिळाला तर त्याहून सोपं: ०१ ०१ ०४ २० या चार बाइटनंतरचे ३२ बाइट म्हणजे उघडी प्रायव्हेट की. पण त्यात नंतरचे पत्ते नसतील, कारण एन्क्रिप्ट करताना की-पूल (आधीच बनवून ठेवलेल्या कींचा साठा) नवा बनतो.

नोंदी बाहेर काढायला बर्कली डीबी ४.८ चं डंप साधन (db_dump) कॅपिटल ‘आर’ पर्यायाने (-R) चालवा. तेही अडलं तर पायवॉलेटचा (वॉलेट फाइलमधून की काढणारा प्रोग्राम) ‘रिकव्हर’ पर्याय डेटाबेसची रचना बाजूला ठेवून थेट बाइट चाळतो. बिटकॉइन कोअरचं सॅल्व्हेज (बिघडलेल्या वॉलेटमधून नोंदी वाचवणारी सोय) ०.२१ ते २९ या आवृत्त्यांत वेगळ्या वॉलेट टूलमध्ये आहे. आवृत्ती ३० किंवा पुढची घेऊ नका, ती जुनी वॉलेट लोडच करत नाही.

की मिळाल्या तरी शिल्लक शून्य दिसली, तर बहुतेक वेळा फॉरमॅटचा घोळ असतो. त्याच कीचं ५ ने सुरू होणारं रूप अनकॉम्प्रेस्ड, के किंवा एल ने सुरू होणारं कॉम्प्रेस्ड, आणि दोघांचे पत्ते वेगळे. इलेक्ट्रममध्ये (दुसरा वॉलेट प्रोग्राम) दोन्ही रूपं ‘स्वीप’ करून (त्या कीवरचे कॉइन नव्या वॉलेटमध्ये ओढून) बघा. आणि आठवणीतल्या एकाच पत्त्याची नाही, निघालेल्या सगळ्या की टाका: त्या वॉलेटमध्ये प्रत्येक खर्चानंतर उरलेली मोड वेगळ्याच नव्या पत्त्यावर जायची, आणि तो पत्ता तुम्ही कधी पाहिलेलाही नसेल.