चित्रातील नगरस्त्री : प्रतीक, रूपक की मूर्तरूप?

बरोक काळातील (युरोपीय कलेतील साधारण सतराव्या शतकातील) नगरदृश्यांत शहराच्या जागी बसवलेल्या स्त्रीला ‘प्रतीक’ म्हणावे, ‘रूपक’ म्हणावे की ‘चेतनगुणोक्ती’, अशी विचारणा झाली आहे. डच चित्रकार क्लास यान्स व्हिसर याने १६११ साली काढलेले ॲमस्टरडॅमचे मुद्राचित्र (कोरलेल्या ठशावरून छापलेले चित्र) समोर ठेवून उत्तर देतो. त्यात मागे पाण्यापलीकडचे शहर आणि त्याचे मनोरे दिसतात, तर पुढे ॲमस्टरडॅम स्वतः स्त्रीदेहाने बसलेले असून देशोदेशींचे लोक तिच्यापुढे आपापला माल आणत आहेत.

‘चेतनगुणोक्ती’ येथे बसत नाही. ‘वारा गातो’ या वाक्यात वारा वाराच राहतो आणि माणसासारखा वागतो. या चित्रात मात्र घरे-मनोरे मागे अचेतनच राहिले आहेत आणि नगराला वेगळा देह मिळाला आहे. म्हणून या स्त्रीला ‘नगराचे मूर्तरूप’ म्हणावे. ‘नगरदेवता’ हा शब्द मोहात पाडणारा असला, तरी देवतेमागे पूजा येते, आणि १५७८पासून प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असलेल्या या शहरात तिची पूजा कोणी करत नव्हते.

अशा आकृती ज्या वस्तूंवरून ओळखायच्या, त्यांना मूर्तिशास्त्रातला ‘लक्षण’ हा शब्द नेमका लागू पडतो; शंख-चक्रावरून आपण विष्णू ओळखतो, तसेच हे आहे. इटालियन लेखक चेझारे रीपा याने १५९३ साली रोममध्ये छापलेला कोश अशा लक्षणांचाच होता. (‘लांछन’ हा शब्द जैन मूर्तिशास्त्रात रूढ आहे, पण सामान्य वाचक त्याचा अर्थ कलंक असा घेईल.)

‘रूपक’ मात्र संपूर्ण प्रसंगासाठी राखावे. एकनाथांच्या भारुडांत एका चित्रातून दुसरा अर्थ सलग चालतो, तसाच येथे चालतो : असा मेळा किनाऱ्यावर कधी भरला नव्हता. १५८५ साली अँटवर्प हे व्यापारी बंदर स्पेनच्या हाती पडल्यावर तेथले व्यापारी आणि भांडवल मोठ्या प्रमाणावर ॲमस्टरडॅमला आले, १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, आणि जगाचा व्यापार आता आपल्या दारी येतो हा शहराचा दावा चित्रकाराने प्रसंग रचून मांडला.

मग ‘प्रतीक’ कशाला म्हणावे? पुढे सम्राट झालेल्या माक्सिमिलियन पहिला याने १४८९ साली शहराच्या मानचिन्हावर वापरायला दिलेला मुकुट हे खरे प्रतीक आहे, कारण तो केवळ खूण म्हणून आहे. पाण्यातील जहाजांना मात्र सरसकट ‘समृद्धीचे प्रतीक’ म्हणणे मला सैल वाटते. ती त्या बंदरात खरोखरच उभी असत.