नोकरी नकोशी झाली, की धास्ती वाढली?

प्रश्न : मी भुसावळला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. तीन वर्षं झाली. काम तेच, पगारही बरा. पण साहेबांचं उत्तर यायला उशीर झाला की छातीत धडधडतं. रात्री अकराला चॅट उघडून पाहतो. काम चांगलं झालं तरी समाधान नाही. नोकरी सोडू का?

उत्तर : भाऊ, राजीनामा एवढ्यात नको. ऑफिसात साहेबांनी नुसती मान हलवली तरी काम पोचल्याचं कळतं. घरी ते दिसत नाही. साहेब दुसऱ्या मिटिंगमध्ये असतात, तुम्हाला ती नाराजी वाटते. मग चॅट उघडता, वाईट काही दिसत नाही, दोन मिनिटं हायसं वाटतं. घोटाळा तिथंच होतो. पाहिल्यामुळेच सुटलो, असं मन शिकतं आणि पुन्हा पाहायला लावतं. दिवस संपला असं वाटतच नाही, मग झालेल्या कामाचा आनंद कधी घेणार?

पंधरा दिवस एवढं करा. संध्याकाळी साहेबांना तीन ओळी पाठवा : आज काय झालं, काय अडलं, उद्या आधी काय घेतो. ‘रात्री तातडीचं असलं तर फोन कराल ना?’ हे एकदाच विचारून घ्या. कामाच्या निरोपांना उत्तरं द्याच. सोडायचं आहे ते साहेब ऑनलाइन आहेत का, हे बघणं. हात तिकडे गेला की दहा मिनिटं थांबा. सुरुवातीला बेचैनी वाढेल, ती अपेक्षितच आहे. तिथं माघार घेतली की सवय आणखी घट्ट होते. चहा दुपारी तीननंतर नको, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात झोप आधीच तुटकी असते.

पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ‘जीएडी-७’ ही चिंता मोजणारी प्रश्नावली भरा. गेल्या दोन आठवड्यांविषयी ७ प्रश्न, गुण ० ते २१. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हे निदान नव्हे, चाळणी आहे. धडधड थायरॉईडनेही होते, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, रात्रीही लागतो. जगणं नकोसं वाटलं तर पंधरा दिवस थांबू नका, त्याच क्षणी फोन करा.

गुण उतरले आणि तरीही काम नकोसंच वाटलं, तर दोष नोकरीतच शोधा. तेव्हा खुशाल दुसरी बघा.

प्रश्न : अमळनेरला मिटिंग सुरू असताना लाईट जाते आणि मला घाम फुटतो. त्यात घरचे मधेच हाक मारतात.

उत्तर : ताई, ही धास्ती एखाददुसरी वस्तू आणून बरीचशी कमी होते. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. राउटरच्या लेबलवर असेल तेवढाच व्होल्ट हवा, बहुधा १२. ॲम्पिअर तेवढा किंवा जास्त चालतो. व्होल्ट जास्त झाला तर राउटर जळतो. गल्लीतल्या इंटरनेटच्या पेटीचीही लाईट गेली तर यूपीएस असून उपयोग नाही, म्हणून मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. सासूबाईंना ‘काम आहे’ म्हणू नका, वेळ सांगा : ‘अकरा ते साडेबारा दार लावते, मग भाकरी टाकायला येते.’ आणि साडेबाराला खरंच बाहेर या.